पेंढारकरांचे ग्रीस

पेंढारकर कधी बसत नसत. चहासुद्धा उभ्याने, तोही फेऱ्या मारीत. कारखान्याच्या वसाहतीत आणि निवृत्तीनंतर त्याच हिंदी भाषक शहरातल्या अयोध्या नगरातही मी त्यांचा शेजारी. मी खुर्ची पुढे केली की म्हणत, "ठेवा ती, काळे. माणूस बसला की बातमी शिळी होते."

यंत्रे उभारण्यासाठी कारखान्याने त्यांना एकदा ग्रीसला धाडले होते. येताना ते तिथली भाषा घेऊन आले. निवृत्त होताच विद्यापीठाच्या मागे लागून त्यांनी एक खोली मिळवली आणि दारावर पाटी लावली : समकालीन ग्रीक अध्ययन केंद्र. लोक प्राचीन तत्त्वज्ञांविषयी विचारीत, तेव्हा ते उखडत. "त्यांच्यावर कपाटं भरून लिहिलंय. आज अथेन्समध्ये भाजी का महागली, ते कोण सांगणार?" तिकडचा एक जुना सहकारी टपालाने वर्तमानपत्रे पाठवी. खोलीभर त्यांचेच ढीग. केंद्राचा संग्रह तेवढाच.

केंद्र ठेवावे की बंद करावे, हे ठरविण्यास समिती येणार होती. नेमके त्याच आठवड्यात पेंढारकरांना लग्नासाठी नागपूरला जावे लागले. किल्ली त्यांनी आपल्या विभागातील जुने फोरमन वानखेडे यांच्याकडे दिली. आमच्या वसाहतीत वरिष्ठ येणार म्हटले की दगडांना चुना आणि झाडांना गेरू लागे. वानखेडे त्याच तालमीतले. त्यांनी भिंती रंगवल्या, कुंड्या मांडल्या आणि सगळे ढीग इंद्रपुरीतल्या रद्दीवाल्याला देऊन टाकले.

समितीच्या दिवशी मी पेंढारकरांना स्टेशनवरून स्कूटरने थेट केंद्रावर आणले. वानखेडे दारातच उभे होते.

"साहेब, एकदम चकाचक! काय कचरा साचून राहिला होता हो! सगळा इंद्रपुरीच्या रद्दीवाल्याला देऊन टाकला."

पेंढारकरांनी रिकाम्या फळ्या पाहिल्या. "भिंती छान झाल्या, वानखेडे," एवढेच म्हणाले आणि पुन्हा माझ्या स्कूटरवर मागे बसले. रद्दीवाल्याकडचा कागद फेरीवाल्यांनी नेला होता. कारखान्याच्या फाटकाशी एका शेंगदाणेवाल्याकडे ग्रीक पुड्या सापडल्या. होत्या तेवढ्या त्यांनी घेतल्या.

समितीपुढे त्यांनी पुड्या सोडल्या, दाणे एका बाजूला सारले आणि चुरगळलेला कागद सरळ करून बसचालकांच्या संपाची बातमी हिंदीत ऐकवली.

अध्यक्ष म्हणाले, "लेकिन आपकी लायब्ररी कहाँ है?"

"इतनी ही बची है, सर. लीजिए."

समितीने दाणे खाल्ले. केंद्र बंद केले.

वानखेड्यांना त्यांनी खरे कारण कळू दिले नाही. मला बजावले, "त्याला वाटू द्या, समितीला रंग पसंत पडला नाही." पुढे मात्र रस्त्यात शेंगदाण्याची गाडी दिसली की त्यांचे पाय थांबत. पुडी घेत, कागद उलटसुलट पाहत आणि दाणे माझ्या हातावर ओतून चालू लागत.

अखेरच्या दुखण्यात मी त्यांना प्रथमच आडवे पाहिले. दाण्यांची पुडी नेली होती. त्यांनी दाणे बशीत ओतले आणि कागद छातीवर सपाट केला. हिंदी होता. तरीही वाचला.

"अयोध्या नगरात उद्या पाणी येणार नाही. घरी सांगितलंत?"

"नाही."

"मग बसलात काय, काळे? उठा."

कागदावरची तारीख फाटून गेली होती. मी उठलो.