दोरी कोणी ओढली?

सरकारी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात इस्त्रीचा मोठा रोलर आहे. ओली चादर आत जाते, कडक होऊन बाहेर येते. अर्धं आयुष्य त्या वाफेत उभं राहून ती मुकादम झाली. तिची सख्खी धाकटी जाऊ रोलरवरच राहिली आणि दोघींचं बोलणं बंद झालं. घरात चूल एकच, तरी.

मुकादम झाल्यावर तिने एकच नवी गोष्ट केली. मागे एका बाईची बोटं रोलरखाली गेली, तेव्हा मशीन थांबवायच्या बटणाला हात लावायची कोणाची छाती झाली नव्हती. तिने रोलरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी लावून घेतली. शंका आली की ओढायची, मशीन बंद. विचारायचं नाही.

साहेब म्हणाले, "उगाच एकदा जरी थांबलं, तर दोरी कापून टाकीन."

कोणी हात लावला नाही. मग एका सकाळी, ऑपरेशनच्या चादरींसाठी गाडी दारात हॉर्न वाजवत असताना, रोलर थांबला. खालची चादर करपल्याचा वास सुटला. दोरी जावेच्या हातात होती.

"आत चमकलं काहीतरी. सुई वाटली."

चादर झटकली, उलटीपालटी केली. काही नव्हतं.

"मुद्दाम केलंय," मागून कोणीतरी कुजबुजलं. मुकादमबाईच्याही मनात तेच आलं होतं.

साहेब तरातरा आले. "दोरी कोणी ओढली?"

'मी' असं तिच्या ओठांवर आलं, ते तिने गिळलं. दोष अंगावर घेतला, तर ओढणं हा गुन्हा ठरणार.

"माझ्या जावेने."

जाऊ पांढरीफटक पडली.

"सापडलं काय?"

"काही नाही. शंका आली, ओढली. मी हेच सांगितलं होतं." ती जावेकडे वळली. "बरं केलंस गं."

"आणि चादर? गाडी?"

"गाडी मी भरते. हवं तर मला परत रोलरवर उभी करा. दोरी राहू द्या."

"आधी गाडी भर. मग बघतो."

तिने गठ्ठा उचलला. दुसरं टोक कोणीतरी धरलं.

"एकट्याच कंबर मोडून घेणार का, जाऊबाई?"

"नीट धर. कोपरा लोंबतोय."

गाडी सुटली. दोघी आत आल्या, तर साहेब कात्री घेऊन दोरीपाशी उभे. तेवढ्यात रोलर पुन्हा थांबला. पलीकडच्या टोकाला, जिला रजा मागायलाही घाम फुटायचा ती बाई दोरीला लोंबकळत होती.

"मुकादमबाई, आत काहीतरी आहे!"

कात्री तशीच हातात धरून साहेबच सगळ्यांच्या आधी वाकले.