खोली दाखवा

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार भाऊसाहेबांचे आहेत. हे आधीच लिहून टाकतो. पुढचं वाचून कुणी म्हणायला नको, की हा विसरला.

झाशीतली सगळी मराठी माणसं त्यांना भाऊसाहेबच म्हणतात. बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांचे पूर्वज कारभारी म्हणून इकडे आले, ते इथलेच झाले. माझं इंग्रजी त्यांनी सुधारलं. ऑनलाइन एमबीएचा अर्ज त्यांनी शेजारी बसून भरून घेतला. स्वतःचा जुना लॅपटॉप दिला. सदर बाजाराच्या मागे त्यांचं नवं बांधलेलं घर आहे. त्या घराच्या ओसरीवर बसून, त्यांच्या वायफायवर, मी दोन वर्षं दर रविवारी शिकलो.

त्याच ओसरीवर शेवटच्या परीक्षेला बसलो होतो. पेपर स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंटचा. सकाळचे दहा. ऑनलाइन परीक्षेत कुठेतरी दूर बसलेला एक माणूस कॅमेऱ्यातून आपल्यावर नजर ठेवतो. आधीच्या पेपरांना खोली कुणी बघितली नव्हती. या वेळी पेपर उघडण्याआधी तो म्हणाला, "सर, लैपटॉप घुमाकर पूरा कमरा दिखाइए."

मी लॅपटॉप दोन्ही हातांत धरला आणि हळूहळू फिरवला. चपलांचा रॅक. फडकं वाळत घातलेली बादली. उभा केलेला खराटा. घराचं जाळीचं बंद दार. मग फाटक, आणि रस्त्यावरून जाणारी एक ऑटो.

"ये कमरा नहीं है, सर. आप तो बाहर बैठे हैं."

मी लॅपटॉप खाली ठेवला.

"बंद कमरे में जाइए. पाँच मिनट हैं."

त्याने मला दोनदा सर म्हटलं. त्याला माझं आडनाव पडद्यावर दिसत होतं, पण त्याचा अर्थ त्याला लागत नसावा.

मी जाळीच्या दाराशी गेलो. दोन वर्षांत त्या दारापलीकडे माझं पाऊल पडलं नव्हतं. पहिल्या दिवशी भाऊसाहेब म्हणाले होते, "इथंच बस. ओसरीवर नेटवर्क चांगलं येतं." मी ते खरं मानलं. राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या वर होता. जाळीतून त्याचा हिरवा दिवा मला दर रविवारी दिसायचा. ओसरीवर ऑनलाइन वर्गातल्या मॅडमचा आवाज तुटायचा, चेहरा थिजायचा. तरी मी ते वाक्य खरं मानत राहिलो. आजही कुठे सिग्नलच्या कांड्या कमी दिसल्या, की ते वाक्य कानात येतं. त्याच प्रेमळ आवाजात.

काकू जाळीमागे आल्या. त्यांचा चेहरा दिसला नाही, नुसती सावली. मी म्हटलं, काकू, परीक्षेसाठी बंद खोली लागते, दोन तास कुठेही बसतो.

"आत घट बसलेत रे. सोवळं आहे. आज कसं घेऊ तुला आत?"

आज. घट नऊ दिवस बसतात. मी दोन वर्षं येत होतो. आणि मागच्याच नवरात्रात टीव्ही दुरुस्त करायला आलेले मिश्राजी माझ्यासमोर चपला काढून आत गेले होते. चहा पिऊन, मिशा पुसत बाहेर आले. हे मी तेव्हाही पाहिलं होतं. पाहून पुस्तकात मान घातली होती.

भाऊसाहेब स्वतः बाहेर आले. माणूस वाईट नाही, हे मी अजूनही म्हणतो. त्यांनी जिन्याखालच्या खोलीचं कुलूप काढलं. पाण्याच्या मोटरची खोली. एक स्टूल आणून वर्तमानपत्राने पुसलं. बल्ब लावून पाहिला. म्हणाले, "हे बघ, झाली की नाही सोय?"

मी त्यांना थँक यू म्हटलं. ते लिहिताना आज हात जड होतो, पण म्हटलं होतं.

दार लावून घेतलं. लॅपटॉप मांडीवर. पुन्हा खोली दाखवली. भिंत, भिंत, मोटर, दार. तो म्हणाला ठीक आहे, आणि पेपर उघडला.

प्रश्न मला येत होते. एक प्रश्न होता, की एखाद्या कंपनीचे ग्राहक नाराज असूनही तिला का सोडत नाहीत. हा धडा मला पाठ होता. मॅडमनी वर्गात म्हटलं होतं, गिऱ्हाईक टिकून आहे म्हणजे ते खूश आहे असं धरू नका, कधी कधी निघून जाणंच फार महाग केलेलं असतं. मी तेव्हा वहीत उदाहरणं लिहिली होती. मोबाइल कंपनीचं, बँकेच्या खात्याचं. त्या खोलीत तो प्रश्न वाचला आणि बोटं थांबली. लिहायला सुचलं ते उदाहरण परीक्षेत लिहिण्यासारखं नव्हतं. मी मोबाइल कंपनीचंच लिहिलं.

चाळीसेक मिनिटं झाली असतील. मोटर सुरू झाली.

बटण आत स्वयंपाकघरात होतं. त्या एवढ्याशा खोलीत मोटरचा आवाज छातीत घुसत होता. पडद्यावर सूचना आली, आवाज येतो आहे. मी कॅमेऱ्याकडे बघून ओरडलो, सर, पानी की मोटर है. जागेवरून उठलं तर परीक्षा संपते, असा नियम. दुसरी सूचना आली. मी स्टुलाला घट्ट धरून बसलो. तिसरी आली, आणि पेपर बंद झाला. पांढरा पडदा. मोटर चालूच. वर गच्चीतली टाकी भरत होती. मी पाणी पडताना ऐकत बसलो. किती वेळ, माहीत नाही.

बाहेर आलो तेव्हा काकूंना खरंच वाईट वाटलं होतं. जाळीमागून म्हणाल्या, "विसरलेच रे. आत तू आहेस हे ध्यानातच राहिलं नाही."

मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं. मुद्दाम करायला माणूस ध्यानात असावा लागतो.

भाऊसाहेबांनी लगेच मार्ग काढला. पेपर अर्ध्यात तुटला तर पुन्हा परीक्षा मिळते. त्यासाठी एक फॉर्म असतो, त्यात कारण निवडायचं. वीज गेली, नेटवर्क गेलं, आजारपण, किंवा इतर. पहिल्या तिन्हींना फेरपरीक्षा आपोआप मिळते. इतर निवडलं तर लिहून द्यावं लागतं, आणि समितीला पटलं तरच. नाही पटलं तर नापास.

"लाइट गेली म्हणून लिही," ते म्हणाले. "आणि मनावर घेऊ नको. दसऱ्याला आपल्या मराठी मंडळात तुझा सत्कार ठेवलाय. दोन शब्द बोल. कसा शिकलास ते सांग लोकांना. आपला मुलगा आहेस तू."

त्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे. तिथे लाइट जात नाही.

घरी आलो. आमचं क्वार्टर रेल्वे यार्डाला लागून आहे. दिवसभर इंजिनाचे भोंगे, म्हणून तर मी परीक्षेला तिकडे जात होतो. बाबा डबे धुण्याच्या कामावर लागले आणि त्यावरच निवृत्तीला आलेत. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. बाबांना सगळं सांगितलं. ते पाय चेपत बसले होते.

म्हणाले, "लिहून दे ना लाइट गेली म्हणून. झूठ काय कोणाला चावते का?"

मी विचारलं, तुम्ही मला घ्यायला यायचात तेव्हा नेहमी रस्त्याच्या पलीकडे सायकल धरून का उभे राहायचात? बेल का नाही वाजवलीत कधी?

पाय चेपणारे त्यांचे हात थांबले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाही?"

"तू शिकत होतास ना."

एवढंच. मग उठून त्यांनी स्टोव्हवर चहा ठेवला. पाठ माझ्याकडे. ती पाठ मी बघत राहिलो. दोन वर्षं मी एकटाच ओसरीवर बसलो नव्हतो. हा माणूस दर रविवारी रस्त्यापलीकडे उभा राहून सगळं गिळत होता, मी शिकावं म्हणून. आणि मी शिकून काय करणार होतो? दसऱ्याला माइकसमोर उभा राहून सांगणार होतो, की मला घरच्यासारखं वागवलं.

मी फॉर्म उघडला. बाबा बघत होते. "बेटा, दो साल गए ना पानी में," एवढंच म्हणाले. मी "इतर" निवडलं. खाली लिहिलं, "मी ज्या घरी परीक्षेला बसलो होतो, तिथे माझ्या जातीमुळे मला घरात घेतलं नाही. पाण्याच्या मोटरच्या खोलीत बसवलं. मोटर सुरू झाली." इंग्रजीत लिहिलं. भाऊसाहेबांनी सुधारलेल्या इंग्रजीत. एकही चूक नव्हती. पाठवून दिलं.

समितीचं उत्तर अजून आलेलं नाही. भाऊसाहेबांना मी जे पत्र पाठवलं, ते खाली देतो.

"भाऊसाहेब,

नमस्कार.

तुम्ही मला शिकवलंत. हे मी कुणासमोरही, कधीही कबूल करीन.

फॉर्ममध्ये मी लाइट गेली असं लिहिलेलं नाही. जे झालं ते लिहिलं आहे. तुमचं नाव लिहिलेलं नाही. समितीने विचारलं तर लपवणार नाही. फेरपरीक्षा मिळाली तर आमच्या क्वार्टरमध्ये बसून देईन. भोंग्यांमुळे पेपर तुटला तर पुन्हा देईन. या वर्षी नाही झालं तर पुढच्या वर्षी. तुमच्याकडे बसायला आता येणार नाही.

काकूंना सांगा, माझा त्यांच्यावर राग नाही. पण घटांचं कारण पुन्हा कुणाला देऊ नये.

माझे बाबा तुमच्या घरासमोर दोन वर्षं उभे राहिले. तुम्ही त्यांना पाहिलं असणार. एकदाही 'आत या' म्हटलं नाहीत. माझ्याबद्दल मी कदाचित गप्प राहिलो असतो. त्यांच्याबद्दल राहणार नाही.

दसऱ्याचा सत्कार मी घेणार नाही. मंडळात लोक विचारतील, तुमचा तो मुलगा का आला नाही. कृतघ्न निघाला असं सांगायचं असेल तर जरूर सांगा. पण मला कुठे बसवलं होतं, तेही त्याच वेळी सांगा.

तुम्ही नाही सांगितलंत, तर मी येऊन सांगेन."