चार दातांचा पाना

नांदेडपासून निलंग्यापर्यंत गोठ्यांत, शेडांत आणि चिंचेखाली जेवढ्या म्हणून जुन्या मोटारी गंजत पडल्या आहेत, त्या सगळ्या आमच्या वहिनीच्या भावाला ओळखतात, असं माझं पक्कं मत आहे. मी लातूरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो, त्यामुळे असली मतं मला शोभत नाहीत, हे मला कळतं. पण मामांना जवळून पाहिलेल्या माणसाला फार काही शोभेनासंच होतं. माझे पुतणे त्यांना मामा म्हणतात, म्हणून सगळं घरच मामा म्हणतं. सरकारी वर्कशॉपातून फिटर म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी नांदेडला घरामागच्या पत्र्याच्या खोलीत जुन्या विलायती मोटारींचा दवाखाना उघडला. अशा मोटारींची इंजिनं उघडायला जे खास पाने, आकडे, पुलर लागतात, ते आता जगात कुठे मिळत नाहीत. मामा ते भंगारबाजारातल्या लोखंडातून स्वतः घडवतात, आणि एकेक हत्यार असं की त्याला आयुष्यात एकाच नटाशी संसार करायचा असतो.

माप घ्यायला त्यांचा कुठल्याही यंत्रावर विश्वास नाही, फक्त कणकेवर आहे. नटावर कणकेचा गोळा दाबायचा आणि उमटलेल्या छापावरून पाना घडवायचा. भोकरला एका लग्नात मांडवामागे त्यांना एक जुनी मोटार दिसली. ते थेट आचाऱ्यांच्या राहुटीत शिरले. आचाऱ्यांनी ज्वारीचं पीठ पुढं केलं तर मामा म्हणाले, "ज्वारीचं तडकतं हो. गव्हाचं द्या, जरा घट्ट मळलेलं." त्या लग्नाच्या फोटोत सगळ्यांच्या हातात फुलं आहेत आणि मामांच्या हातात कणकेचा गोळा. इंजिन 'मेलंय' असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नाही. "झोपलंय म्हणा, सर. ऐकू येतं त्याला." बॉनेट उघडण्याआधी ते दारावर ठोकावं तसं त्यावर बोटानं तीनदा ठोकतात आणि आतून कुणी ओ देईल अशा बेतानं थांबतात. एकदा मी हसलो आणि न ठोकताच बॉनेट उचललं, तर ते माझ्या अंगठ्यावर आदळलं. मी बर्फ धरून बसलो होतो तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "कुणाच्या बी घरात असं घुसतेत का, सर?"

इथवर सगळं गमतीचं होतं. पण त्यांच्या एका सवयीला घरातले सगळे मनातून घाबरायचे. कधीकधी मामांच्या हातून हत्यार आधी तयार व्हायचं आणि मोटार नंतर यायची. सकाळी चहा पिऊन उठायचे, कुणाशी न बोलता भट्टी पेटवायचे आणि दुपारपर्यंत एखादा विचित्र आकडा घडवून खुंटीला टांगायचे. कशाचा म्हणून विचारलं, तर, "मला काय मालूम? हातानं केलं." मग दोन-तीन आठवड्यांनी इस्लापूरकडून नाहीतर देगलूरकडून कुणीतरी जुनं इंजिन घेऊन यायचं आणि तो आकडा त्यात किल्लीसारखा बसायचा. मी याला योगायोग म्हणायचो. वर्गात योगायोगाचं गणित शिकवणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणता येतं?

गेल्या उन्हाळ्यात मी नांदेडला गेलो तेव्हा मामा खुंटीवरच्या एका पान्याकडं नाराजीनं बघत बसले होते. पुढं गोल कडं, कड्याला चार दात, आणि दांडा मध्येच डावीकडं मोडल्यासारखा वाकलेला.

"असा वाकडा का केलात?" मी विचारलं.

"मी कुठं केला? सरळच करून राहिलो होतो. तीनदा तापवून सरळ केला, सर. तिन्ही बारीला हातोडा तिकडंच गेला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझा हात असा चालत न्हाई. ही दुसऱ्याची पकड हाय."

त्याच आठवड्यात मला निलंग्याहून बाईंचा फोन आला. बाई म्हणजे माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिका, आता ऐंशीच्या पुढं. त्यांचे यजमान डॉक्टर होते. त्यांची विलायती मोटार ते गेल्यापासून शेडात बंद होती. "अरे, मुलगा मला पुण्याला न्यायचं म्हणतोय, आणि गाडी भंगारात द्यायचं म्हणतोय. त्याआधी एकदा तिचा आवाज ऐकायचाय. दोन मेकॅनिक आले ते छिन्नी-हातोडा घेऊन आले, मी हाकलून दिले. तुझे ते कणीकवाले पाहुणे येतील का?"

आम्ही एसटीनं निलंग्याला पोहोचलो तेव्हा टळटळीत दुपार होती. मामांनी बॉनेटवर तीनदा ठोकलं, उघडलं, आणि बराच वेळ नुसते वाकून राहिले. पुढच्या पुलीमागं एक गोल नट होता. त्याच्या कडेला चार खाचा. मामांनी कणीक मागितली नाही. पिशवीतून तो वाकडा पाना काढला आणि आत सरकवला. चारही दात चार खाचांत बसल्याचा बारीक आवाज मी स्वतःच्या कानानं ऐकला. शेडात इतकं उकडत असून माझ्या हातावर काटा आला.

पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या बाई दारातच थांबल्या. "हा तुमच्याकडं कसा आला?"

"मी केला, बाई."

"शक्य नाही. हा आमच्या मिस्त्रींचा आहे." मग त्या खाटेवर बसल्या आणि त्यांनी सांगितलं. उदगीरचे एक म्हातारे मिस्त्री ही गाडी सांभाळायचे. लहानपणी झाडावरून पडून त्यांचा कोपर जखडला होता, म्हणून त्यांनी दांडा डावीकडं वाकवून घेतला होता. डॉक्टरांच्या पाठोपाठ तेही गेले आणि त्यांच्या पोरांनी सगळी हत्यारं एका फेरीत भंगारवाल्याला घातली.

मामांनी माझ्याकडं बघितलं. भंगारातलं लोखंड फिरत फिरत नांदेडला येऊ शकतं, एवढं मी लगेच बोललो. "हाव," मामांनी मान डोलावली, "पण कोपर कसा येतो, सर?"

मामा आठ दिवस निलंग्यालाच राहिले. पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा इंजिन धुऊनपुसून जोडलेलं होतं. मामांनी हँडल मारलं. एकदा, दोनदा, सात-आठदा. मग इंजिन खोकलं, थांबलं, आणि एकदम संथ, खोल आवाजात सुरू झालं. बाईंनी तोंडाला पदर लावला. पण रडायला त्यांना वेळ नव्हता. त्या सरळ ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसल्या. निलंग्यात बायकांमध्ये पहिल्यांदा गाडी चालवली ती त्यांनीच, आम्ही शाळेत असताना त्यांना रोज गाडी चालवत येताना बघितलेलं. मी शेजारी बसलो, मामा मागं. कुठं जायचं विचारलं नाही. त्या शाळेकडंच निघाल्या.

शाळेच्या वळणावर बाईंनी समोर बघतच, जुन्या सवयीनं, मागं विचारलं, "मिस्त्री, आवाज बरोबर आहे का?"

आणि मागून उत्तर आलं, "बिल्कुल दुरुस्त है, बाईसाब."

बाईंनी करकचून ब्रेक लावला. आम्ही दोघांनी मागं बघितलं. मामा खिडकीबाहेर शाळेचं मैदान बघत बसले होते. "थांबलो कशाला? मुक्कामावर आलो का?" ते म्हणाले. आपण काही बोललो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. बाईंनी दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले. मग अगदी हळू म्हणाल्या, "मला बाईसाब म्हणणारा एकच माणूस होता." आणि गिअर टाकून त्यांनी मैदानाला पूर्ण एक फेरी मारली.

बाई पुण्याला गेल्या. जाताना गाडी त्यांनी शाळेला दिली, भंगारात जाऊ दिली नाही. मामांनी पाना गाडीच्या सीटखाली ठेवून दिला. "ज्याचा त्याला," एवढंच म्हणाले.

त्यानंतर मामांच्या हातून आपोआप काही घडलं नाही. गिऱ्हाइकं येतात, कणकेवर छाप घेतले जातात, पाने होतात, कामही चोख होतं. पण आता ते एखाद्या चांगल्या फिटरनं करावं तसं असतं. वहिनी म्हणते, बरं झालं, घरातली भीती गेली. परवा मी गेलो तेव्हा मामा ओंजळ पुढं धरून बसले होते.

"वय झालं, मामा," मी म्हटलं. "हात थकतात."

"थकले न्हाईत, सर. सकाळी उठतो, चहा पितो, ह्या हातांकडं बघत बसतो." ते कसंनुसं हसले. "लई गप हायत."

पत्र्याच्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि आत त्यांच्यासमोर एक खुर्ची पुसून ठेवलेली होती. मी तिच्यावर बसायला गेलो, तसा मामांनी घाईनं माझा दंड धरला आणि बाकावर सरकून मला जागा करून दिली.

"तिथं नको, सर. एखादा मिस्त्री आला, तर त्याला लागंल. इकडं बसा, माझ्यापाशी."