बूट बाहेर काढून या

“मागची ती सुकी मासळी आधी हलवा. मला इथपर्यंत वास येतोय.”

मॅडम मुंबईत, मी घिवलीजवळच्या आमच्या गावात. मध्ये मोबाइल. मोबाइलमधून वास जातो हे मला त्या दिवशी कळलं. पडद्यावरच्या चौकटींतली माणसं हसली. सगळी माझ्यासारखीच, कुणाचा एक पाय नाही, कुणाचे दोन्ही. मीही हसले. हसावं लागतं.

बोंबलाची टोपली सरकवली, तशा मॅडम मुद्द्यावर आल्या. “आणि तुम्ही ग्रुपवर टाकलेला जखमेचा फोटो मी काढून टाकलाय. एवढी चांगली वस्तू फुकट दिली, पण तुम्हा लोकांना वापरायची अक्कल नाही. बूट घाला म्हणून प्रत्येक व्हिडिओत सांगतो ना?”

सगळ्यांसमोर. शेजारी सासू जवळा निवडत होती. तिचा हात थांबला. तिनं ते ऐकलं, याचीच मला जास्त लाज वाटली.

माझा पाय शिंगाळा माशाच्या काट्यानं नेला. होडीवरून मासळी उतरवताना काटा तळव्यात घुसला. अंगात साखर होती, ते मला ठाऊकच नव्हतं. पाय काळा पडला. गुडघ्याखाली कापला. पुढे बोईसरला एका संस्थेनं शिबिर घेतलं. माप घेतलं, पाय दिला, स्टेजवर हार घातला, फोटो काढला. पाय बुटासकट आला. त्याच्यासोबत मोबाइलवरचा हा ग्रुप, संस्थेच्या या मॅडम चालवतात तो. उरलेला पाय कसा धुवायचा, पट्टी कशी बांधायची, गुडघा आखडू नये म्हणून काय करायचं, सगळं व्हिडिओत यायचं. खोटं कशाला बोलू, उपयोग झाला. फक्त व्हिडिओतली बाई फरशीच्या घरात सोफ्यावर बसलेली असायची.

मी कमावते ती खळ्यावर. शेणानं सारवलेली जागा. तिथं जवळा पसरायचा, उन्हात उलटायचा, संध्याकाळी गोळा करायचा. खळ्यावर कोणी चप्पल घालून पाय ठेवत नाही. लोकांच्या ताटात जाणारं अन्न आहे ते. आई अनवाणी, सासू अनवाणी, मीही अनवाणी. मी बूट बाहेर काढायचे आणि तो नकली पाय तसाच टेकवून दिवसभर काम करायचे. मागं पडल्यासारखं व्हायचं. गुडघ्याला हिसका बसायचा. वाटलं, होईल सवय.

सवय झाली नाही. जखम झाली.

पालघरच्या डॉक्टरांनी बघितली आणि स्पष्ट सांगितलं, ही हाडापर्यंत गेली तर आता गुडघ्याच्या वर कापावं लागेल. गुडघा गेला म्हणजे खळ्यावरचं बसणं-उठणं गेलं. म्हणजे माझी भाकरी गेली. मी घाबरले. ग्रुपमध्ये कुणाला तरी असं झालं असेल, म्हणून फोटो टाकला होता.

झालं होतं. मॅडम बोलल्या त्याच संध्याकाळी सफाळ्याकडच्या एका पाड्यातल्या दादाचा फोन आला. ग्रुपमधलाच. भातशेती करतो. चिखलात उतरताना तोही बूट काढतो.

“ताई, तुजी चूक नाय,” तो म्हणाला. “तो पाय बुटाच्या टाचेवर जुळवलेला हाय. बूट काढला का तोल मागं जातो, आन् भार नको तिथं येतो. माजंबी तसंच झालं. अनवाणी चालायचा पाय येगळा मिळतो. आपल्याला कोणी विचारलंच नाय.”

फोन ठेवून मी रडले. संतापानं रडले. शिबिरात त्यांची टेप माझ्या मांडीपर्यंत फिरली होती. अनोळखी पुरुषानं गुडघा दाबून बघितला होता. मी सगळं सहन केलं. आणि एकानंही विचारलं नाही की बाई, तू चालतेस कुठं?

जखम भरेपर्यंत पाय चढवू नको, असं दादा म्हणाला होता. डॉक्टरही तेच म्हणाले होते. मी पाय खुंटीला अडकवला. तेवढ्यात मॅडमचा फोन. देणगी देणाऱ्यांची मोबाइलवर सभा आहे, पाय घालून या, दारापासून भिंतीपर्यंत चाला, हसा, आभार माना. मी जखमेचं सांगितलं. त्या गोड आवाजात म्हणाल्या, “थोडा वेळच तर आहे. पुढे काही लागलं तर आमच्याकडेच येणार ना तुम्ही?”

सभेला मी खळ्यावर बसले. मागे जवळा पसरलेला. हलवला नाही. माझी पाळी आली. मॅडम कौतुकानं म्हणाल्या, आता आपली कोळीणताई चालून दाखवेल. मी पट्टी सोडली आणि मोबाइल जखमेसमोर धरला.

“मी चालनार नाय. ही जखम तुमी दिलेल्या पायानं झालीय. माप घेतलं तुमी, पन मी उभी कुठं राहते ते विचारलं नाय. फोटो काढून टाकलात. ही कशी काढून टाकाल?”

माझा आवाज बंद केला. पडद्यावर माझंच तोंड हलताना मला दिसत होतं. तरी बोलत राहिले. मग मला सभेतूनच काढलं, नंतर ग्रुपमधूनही.

“आता दुसरा पाय कोन देल?” सासूनं विचारलं. तिचं चुकत नव्हतं. आजही मी कुबड्यांवर आहे. जखम अजून ओली आहे, गुडघा राहील की जाईल, सांगता येत नाही.

पण दादानं आणि मी वेगळा ग्रुप काढलाय. त्या जुन्या ग्रुपमधले बरेच गुपचूप आलेत. इथं जखम आधी दाखवायची, आभार नंतर, आणि वाटले तरच. बोईसरच्या कारखान्यात पाय गेलेली एक बाई हिंदीत रोज आपली जखम दाखवते. आम्ही बघतो. तोंड फिरवत नाही.

मी पाय मागणार आहे. भीक म्हणून नाही. जो माप घ्यायला येईल, त्यानं आधी माझ्या खळ्यावर यायचं. बूट बाहेर काढून यायचं. मी कशी बसते, कशी उठते, ते बघायचं. तोवर माझ्या पायाला मी कुणाची टेप लागू देणार नाही.