एक दिवसाचे प्रिन्सिपल

मल्लिनाथ गेल्याची बातमी मला आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. आधी जोडलेल्या हातांची रांग लागली, मग फुलं आली, मग कुणीतरी लिहिलं, ‘आपले वन डे प्रिन्सिपल गेले!’ त्याखाली एकाने डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा टाकला. चुकून पडला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण लगेच आठवणी सुरू झाल्या. काय धमाल होती ना, तो व्यंकट शिपाई इस्त्रीचे कपडे घालून कसा आला होता... सत्तरी ओलांडलेली माणसं, कुणाचे गुडघे बदललेले, कुणाच्या हृदयात स्प्रिंगा, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या फजितीवर अजून हसत होती. मी फोन पालथा ठेवला. राग त्यांचा आला होता, पण त्यांच्यावर रागवायचा हक्क मला नाही, हेही त्याच क्षणी आठवलं. या घटनेला आता पाच आठवडे झाले.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. आमचं कॉलेज फादर लोकांचं. आम्ही बहुतेक सगळे लिंगायत, मराठा, पद्मशाली, मुसलमान. ख्रिस्ती विद्यार्थी मोजून दहा-बारा. तरी वर्षाचा सगळा हिशेब चर्चच्या सणांवर चालायचा. डिसेंबरात होस्टेलची पोरं कामट्यांच्या चांदण्या करून गॅलरीत टांगायची, गव्हाणीच्या देखाव्यात सोलापुरी चादर पसरायची. गॅदरिंग, फिशपाँड, तीन पायांची शर्यत. पण सगळ्यांत मोठा दिवस कॉलेजच्या संताच्या फेस्ताचा, म्हणजे सणाचा. त्या दिवशी प्राध्यापक पदर खोचल्यासारखे धोतर-पँट वर करून आम्हाला पंगतीत वाढायचे. आणि त्याच दिवशी एक विद्यार्थी प्रिन्सिपल व्हायचा. आमचे प्रिन्सिपल असलेले फादर त्याला स्वतःच्या खुर्चीत बसवायचे आणि आपण विद्यार्थ्यांच्या बाकावर जाऊन बसायचे. एक दिवसाचा प्रिन्सिपल मग शेवटचा तास रद्द करायचा, इंग्रजीच्या सरांना लावणी म्हणायची शिक्षा द्यायचा. सगळे हसायचे आणि दुसऱ्या दिवशी विसरायचे.

आम्ही बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना तो मान मल्लिनाथला मिळाला. दुधनीच्या आडत दुकानदाराचा हा मुलगा. घरात कन्नड, बाजारात मराठी, आणि रागावला की दोन्हीची खिचडी. फादर मंगळूरकडचे, त्यामुळे ते त्याला लांबूनच ‘बा इल्ली’ म्हणून जवळ बोलवायचे आणि दोघं कन्नडमध्ये गप्पा मारायचे. मी नातेपुत्याहून आलेली, नन्सच्या होस्टेलवर राहणारी. त्या काळी वर्गातल्या मुलामुलींत अहोजाहो असायचं. तो मला नावाने हाक मारायचा नाही. म्हणायचा, “ओ नातेपुतेकर.” मी टायपिंगची परीक्षा दिली होती म्हणून त्या दिवसापुरती मला त्याची हेडक्लार्क नेमलं होतं.

सकाळच्या सभेत फादर म्हणाले, “आज मल्लिनाथची सही ती माझी सही.” दरवर्षी हेच वाक्य असायचं. दरवर्षी टाळ्या पडायच्या. मल्लिनाथने टाळ्या वाजवल्या नाहीत, तो वाक्य मनात घोळवत बसला. हा त्याचा दोष म्हणायचा तर म्हणा. त्याला जे सांगितलं ते तो खरं धरायचा.

दुपारी ऑफिसच्या खिडकीतून फाटकाशी व्यंकटमामा उभा दिसला. भवानी पेठेतला हा विणकर, माग सुटल्यावर कॉलेजात शिपाई म्हणून लागला होता. दोन महिन्यांपूर्वी परीक्षेत त्याने दहा मिनिटं आधी घंटा दिली. पेपर काढून घेतले, आरडाओरडा झाला, आणि त्याला कामावरून कमी केलं. ऑफिसचं घड्याळच पुढे गेलं होतं आणि घड्याळाची वेळ लावायचं काम क्लार्कचं होतं, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. पण पडत्या भिंतीला कोण टेकू देतो? मामा रोज येऊन फाटकाशी उभा राहायचा. काही मागायचा नाही.

“नातेपुतेकर, मशीनवर कागद चढवा,” मल्लिनाथ म्हणाला.

मी चढवला. कॉलेजच्या नावाचा छापील कागद. ‘श्री. व्यंकट यांना उद्यापासून पूर्वीच्या जागी कामावर घेण्यात येत आहे.’ मल्लिनाथने सही केली, मी शिक्का मारला. आजवर मी हे कुणाला सांगितलेलं नाही, पण तो शिक्का मारताना मला ती गंमत वाटत नव्हती. आपण एक चांगलं काम केलं, असं वाटलं होतं. मल्लिनाथ स्वतः फाटकापर्यंत गेला आणि कागद मामाच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी मामा आला तो खाकी कपड्यांना कडक इस्त्री करून, कपाळाला कुंकू लावून. गल्लीत पेढे वाटून आला होता, हे मागून कळलं. त्याने पहिल्या तासाची घंटा दिली आणि हात मागे बांधून उभा राहिला. फादर बाहेर आले. चिडले नव्हते, उलट हसत होते.

“व्यंकट, फेस्त काल होतं,” ते म्हणाले.

व्हरांड्यातली पोरं खो-खो हसली. कुणीतरी शिट्टी मारली. मामाने कागद पुढे केला. “सायेब, सही हाय की. शिक्का पण हाय.” फादरांनी कागद वाचला, घडी घातली आणि त्याच्याच खिशात ठेवला. मीही हसले. किती, ते आठवत नाही, पण हसले.

मल्लिनाथ तडक केबिनमध्ये गेला. त्याचा आवाज बाहेर ऐकू येत होता. “फादर, तुमी समद्यांसमोर म्हनलाव की, माझी सही ती तुमची सही म्हनून. मी त्याला शब्द दिलाय.” फादर समजावत होते. मग मला आत बोलावणं आलं. तो माझ्याकडे वळून म्हणाला, “नातेपुतेकर, तुमी टाइप केलंय. सांगा यास्नी. आपन खेळ म्हनून केलं न्हाय.”

फादरांनी चष्मा काढला. “मिस शिंदे, तुम्ही सांगा. ते खरं होतं की गंमत?”

फादर दुष्ट नव्हते. मी ‘खरं होतं’ म्हटलं असतं, तर त्यांना पुन्हा विचार करावा लागला असता, एवढं मी त्यांना ओळखत होते. पण माझा बी.एड.चा अर्ज त्यांच्या शिफारशीसाठी त्याच टेबलावर पडला होता. नातेपुत्यात वडील स्थळं बघत होते. प्रवेश नाही मिळाला तर उन्हाळ्यात बोहल्यावर. मी त्या अर्जाकडे बघितलं आणि म्हणाले, “गंमत होती, फादर.”

मल्लिनाथ केबिनमधून निघाला. बाहेर आल्यावर जिन्याशी थांबून एवढंच म्हणाला, “तुमाला शिकायचंय. बरोबर हाय तुमचं.” तो शिव्या देता तर बरं झालं असतं. मी भांडले असते, मनातल्या मनात त्याला वाईट ठरवलं असतं. त्याने ती सोयही ठेवली नाही.

आठवड्याभरात त्याने कॉलेजातून नाव काढलं. परीक्षा तोंडावर होती, तरी काढलं. मामाला बरोबर घेऊन तो दुधनीला गेला, एवढं कानावर आलं. त्या वर्षीच्या गॅदरिंगला ‘वन डे प्रिन्सिपल’ नावाचं प्रहसन झालं आणि त्याला पहिलं बक्षीस मिळालं. मी पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. मग बी.एड. झाले, शिक्षिका झाले, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. हजारो मुलांना खरं बोलायला शिकवलं. लोकांनी मला शाली पांघरवल्या. त्या शालींची मला आता शिसारी येते.

गेल्या आठवड्यात दुधनीला गेले. हे म्हणजे वरातीमागून घोडं, हे कळत होतं. मल्लिनाथची बायको शांतव्वा मला ओळखत नव्हती. “कालेजातल्या का? या अक्का,” म्हणाली आणि चहा टाकला. बाहेर दुकानात कुणीतरी तिच्या मुलाकडे लग्नासाठी टेम्पो मागत होतं. “न्या की,” मुलगा म्हणाला. शांतव्वा आतूनच ओरडली, “आज हो म्हनू नगं रे! उद्या सांगतो म्हन!”

मग माझ्याकडे वळून म्हणाली, “ह्यांची सवय. जल्मात कुनाला त्याच दिवशी हो म्हनले न्हाईत. लेकीचं स्थळ आलं, पोरगा पसंत, तरी पावण्यांना उद्या सांगतो. आदी समदी जुळनी करायचे, मग शब्द द्यायचे. गाव हसायचं. येकदा इचारलं तर म्हनले, येकदा आजच्या आज हो म्हनलो होतो. म्होरं काय बोलले न्हाईत... कालेजात कायतरी झालतं व्हय?”

मी सगळं सांगितलं. शिक्का, केबिन, अर्ज, माझं वाक्य. काही गाळलं नाही. ती पदर तोंडाशी धरून ऐकत होती.

“व्यंकटतात्या हितंच ऱ्हायला, हितंच गेला,” ती म्हणाली. “शेवटपत्तूर म्हनायचा, मल्लप्पाची ती सही खोटी न्हवती. आमी म्हनायचो, म्हाताऱ्याला भरम झालाय. पोरं त्याला चिडवायची.” तिने पदर खाली सोडला. “दोगं बी हितंच होते की, अक्का. इतकी वर्सं होते. आता कुनासाठी सांगाय आलाव?”

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. चहाचा कप माझ्याकडे सरकवला आणि उठून दुकानात गेली.