डोकं सोडून मारा

चिचगावचा लटारू वनखात्यात रोजंदारीवर होता, पण त्याचं नाव झालं ते मुंडकी कापण्यात. जंगलात कोल्हा म्हणा, रानकुत्रा म्हणा, पिसाळल्यासारखा मेला की जनावरांच्या डॉक्टर रीताबाई आधी त्यालाच बोलावत. गडी कोपरापर्यंत हातमोजे चढवी, मणक्यांच्या सांध्यात सुरी बसवी, आणि मुंडकं अलगद बर्फाच्या डब्यात. पिसाळीचा रोग मेंदूत सापडतो. मेंदूच फुटला तर तपासणार काय? म्हणून बारा वर्षं त्याचं गावोगाव एकच सांगणं, "मारा, पन डोकं सोडून मारा." लोक हसत. अंगावर आलेल्या जनावराला का विचारत बसायचं, कुठी मारू म्हणून?

गेल्या साली मोहफुलांच्या दिवसांत एक कोल्हा भर उन्हात गावात शिरला. लहानूच्या गोऱ्ह्याचं नाक फाडलं, नथ्थूच्या पोटरीचा लचका तोडला आणि पसार झाला. लटारूने नथ्थूची जखम साबणाने धुतली, आजच सुई घे म्हणून पाया पडला. पण मोह वेचायचे चारच दिवस, दवाखाना लांब. नथ्थू म्हणाला, "पिसाळला म्हनून तुले कोन सांगतलं? मुंडकं तपासून दाखव, मंग जातो."

आता त्या मुंडक्यावर नथ्थूचा जीव टांगला.

दुसऱ्या सकाळी लटारूची बायको कमळा मोहाखाली वाकली होती. तोच कोल्हा झुडपातून आला, लाळ गळत, आणि तिच्या हातात दात रुतवून लोंबकळला. शेजारीच वेचणाऱ्या लटारूने काठी त्याच्या कमरेवर घातली. हाड मोडलं, जबडा सुटेना. बरगड्यांवर घातली. मागचे पाय लुळे पडले, तरी दात आणखी खोल. रक्त कोपरावरून फुलांवर ठिबकत होतं.

"डोक्यात मार ना," कमळा दातओठ खात म्हणाली. "का मुंडक्याशीच लगन लावलं?"

मग त्याने डोक्यातच घातली. एकदा, दोनदा, जबडा सुटल्यावरही तीनदा. मोहफुलांत मेंदू सांडला.

कमळाला खताच्या गाडीवरून दवाखान्यात पोचवलं. जखमेत आणि दंडात सुया त्याच दिवशी टोचल्या. रीताबाई आल्या तेव्हा लटारू त्या घाणीपाशी उभा होता. मीच फोडलं म्हणाला. आता नथ्थूला दाखवायला काय उरलं?

बाईंनी हातमोजा घालून मानेत बोटं घातली. मेंदूचा देठ, मणक्यात उतरतो तिथला, शाबूत होता. "एवढं पुरते, लटारूभाऊ. काढा."

त्याने सांध्यात सुरी बसवली, देठ अख्खा निघाला. तिसऱ्या दिवशी अहवाल आला: पिसाळीच. नथ्थू दवाखान्याच्या गाडीत बसला. आजही धडधाकट आहे, आणि आजही म्हणतो, मी तर जाणारच होतो.

लटारूचं सांगणंही सुटलेलं नाही. गावात चार माणसं जमली की तो सुरू होतो, डोकं सोडून मारा. मागून कमळा वण पडलेला हात वर करते.

"घरच्या माणसाले धरलं असन, तं पह्यलाच टोला डोक्यात मारजा. देठ आमचे हे काढून देते."