उत्कृष्ट बांधकामाबद्दल आभार

आता सोसायटीतलं काही विचारलं की मी सरळ सांगतो, मला विचारू नका, मी राजीनामा दिलाय. तरी विचारतात. लिफ्ट बंद पडली की बेल माझीच वाजते. नऊ वर्षं सेक्रेटरी होतो ना. कंटाळा आला म्हणून नाही सोडलं. तोंड दाखवायला जागा उरली नाही म्हणून सोडलं.

करी रोडला आमची चाळ होती. ती पाडून बिल्डरने पुढे विकायचा टॉवर उभा केला आणि मागे आमची बिल्डिंग, वेगळ्या गेटाची. मधली बरीच वर्षं आम्ही संक्रमण शिबिरात काढली. ताबा मिळाला तेव्हा संडास घरात आला, या एका गोष्टीवर माणसं इतकी खूश होती की भिंती ठोकून बघायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

सगळ्यात वरच्या मजल्यावर एक काकी राहायच्या, मूळच्या मालवणकडच्या. यजमान गिरणीत होते, ते शिबिरातच वारले. काकींनी मला अर्ध्या चड्डीत पाहिलेलं, त्यामुळे मी साठीला आलो तरी अरे-तुरेच. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या झोपायच्या खोलीत छताला ओल धरली. मग पोपडे सुटले. मग पंख्याच्या हुकापासून भिंतीपर्यंत एक चीर गेली.

आता आमची रीत सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. बिल्डर दर वर्षी आमच्या गणपतीला यायचा. मंडप त्याचा, लायटिंग त्याचं. आम्ही त्याला आरतीचा मान द्यायचो, वर शाल-श्रीफळ. आरती झाली की प्रसाद खाताखाता लोक हळूच सांगायचे, शेठ, जरा बाथरूम गळतंय. तो मान डोलवायचा, माणूस पाठवतो म्हणायचा. आणि पाठवायचाही. माणूस यायचा, पांढरा लेप मारायचा, जायचा. पुढच्या पावसापर्यंत सगळं छान. आम्हाला वाटायचं, आपले संबंध चांगले आहेत. कसले डोंबलाचे संबंध.

चौथ्या वर्षी काकींनी शेजारणीकडून अर्ज लिहून घेतला. छताचं सगळं रामायण त्यात होतं आणि खाली सही. आरतीच्या आधी माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "हो कागद तेंका दी."

मी म्हटलं, "काकी, आज नको. आरतीला आलेल्या माणसाच्या हातात तक्रारीचा कागद द्यायचा, बरं दिसतं का ते? मी तोंडी सांगतो ना."

त्यांनी कागदाची घडी केली आणि परत घेतला. मी तोंडी सांगितलं. माणूस आला, लेप मारून गेला. आणि हे करणारा मी कोण, तर जन्मभर सरकारी कचेरीत आवक-जावक रजिस्टर सांभाळलेला माणूस. पत्रावर शिक्का नसेल तर ते आलंच नाही असं समजा, असं मी लोकांना खिडकीतून ऐकवायचो. घरच्या कामाला ती अक्कल कुठे गेली होती, देव जाणे.

पाच वर्षं झाली आणि बिल्डर आरतीला यायचा बंद झाला. आम्ही म्हटलं, बिझी असेल. फोन उचलेना, तेव्हाही तेच म्हटलं. ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी त्याची असते, त्या मुदतीत तक्रार करायची असते, हे आमच्यात कुणाला माहीत नव्हतं. त्याला बरोबर माहीत होतं.

सातव्या वर्षी भरदुपारी छताचा मोठा तुकडा काकींच्या पलंगावर पडला, उशी असते तिथे. त्या स्वयंपाकघरात होत्या म्हणून वाचल्या. वर गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्या. इंजिनियर बघून म्हणाला, काम मुळातच कच्चं आहे, आता गच्चीसकट सगळं करावं लागेल, तोवर इथे झोपू नका. ते काम आमच्या सोसायटीच्या आवाक्यातलं नव्हतं. काकी विरारला लेकीकडे गेल्या, जावयाच्या हॉलमधल्या सोफ्यावर. उभ्या जन्मात बाईच्या नावावर एकच घर झालं होतं, त्यालाही कुलूप लागलं.

मग आम्ही बिल्डरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे तक्रार केली. लेखी, तीन प्रतींत. सुनावणीला मी आणि काकी गेलो. बिल्डरचा वकील तरुण होता, बोलायला अगदी सभ्य. त्याने विचारलं, पाच वर्षांत एक तरी लेखी तक्रार दिलीत का? मी म्हटलं, तोंडी दिल्या, दर वर्षी दिल्या. त्यावर त्याने आमच्या गणपतीचे छापील अहवाल काढले, आम्ही घरोघर वाटतो ते. चौथ्या वर्षीचं आभाराचं पान उघडून त्याने स्वच्छ मराठीत वाचलं, 'आमच्या इमारतीच्या उत्कृष्ट बांधकामाबद्दल आम्ही आपले सदैव ऋणी आहोत.' खाली सेक्रेटरी म्हणून माझं नाव. ते मीच लिहिलं होतं. म्हणजे लिहिलं तरी कुठे, आदल्या वर्षीचं जसंच्या तसं उतरवलं होतं. आभार मानायला कोण डोकं चालवतो. काकींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

निकाल इंग्रजीत आला. तो घेऊन मी विरारला गेलो. लेक-जावई कामावर होते. काकी सोफ्यावर बसल्या होत्या, शेजारी त्यांच्या कपड्यांची पिशवी.

"माका इंग्रजी कळणा नाय," त्या म्हणाल्या. "तूच वाच."

मी वाचलं आणि मराठीत सांगितलं. मुदतीत लेखी तक्रार आलेली नाही. उशीर झाला म्हणून अर्ज फेटाळला आहे.

काकी उठून चहा करून आल्या. मी मात्र बोलत सुटलो, वर अपील करता येईल, एखादा चांगला वकील बघू, कमिटीशी बोलतो. त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. चार शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"पण माझ्याकडून खंय उशीर झालो रे?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"तुमच्याकडून नाही काकी," मी म्हटलं. "माझ्याकडून झाला."